बीड वितळवणारं वजा चिन्ह

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत शिरलात आणि तिथं इंडक्शन भट्टी असली, तर आग शोधू नका. कोक नाही, बर्नर नाही, हीटरची तापलेली तारही नाही. सिलिकाची भुकटी ठोकून बसवलेलं लायनिंग, त्याच्या बाहेरून तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल, आणि नळीतून फिरणारं पाणी, एवढाच संसार. कॉइल लोखंडाला कुठंही शिवत नाही, मधली भिंत विजेची अवाहक आहे. तरी आतलं बीड (कास्ट आयर्न) चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास घुसळत असतं, आणि कॉइलमधलं पाणी नुसतं कोमट होऊन बाहेर पडतं.

उद्यमनगरातल्या जुन्या मंडळींनी क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, चालवली. तिथं उष्णता कुठून येते हा प्रश्नच नव्हता. कोक जळताना दिसायचा, धूर अंगावर यायचा. इंडक्शन भट्टीपुढं उभा राहिलेला इंजिनिअरिंगचा पोरगा मात्र गोंधळतो, आणि गंमत अशी की उत्तर त्याला पाठ असतं. "सर, फॅरडेचा नियम. ईएमएफ बरोबर वजा डी-फाय बाय डी-टी." म्हणजे करंट ढकलणारा विद्युतदाब (ईएमएफ) चुंबकीय फ्लक्स बदलण्याच्या वेगाइतका, आणि पुढं वजा. त्यातलं वजा चिन्ह कशाला, असं विचारलं की तो म्हणतो, "दिशा दाखवायला."

हे अर्धंच उत्तर आहे, आणि आपली पुस्तकंही पोरांना इथंच सोडून देतात. भट्टीत करंट किती वाहील, धातूच्या कुठल्या थरातून वाहील, कॉइलमध्ये किती वीज वाया जाईल, टर्निंगचा कचरा (लेथवर निघणारा लोखंडाचा कीस) थंड भट्टीत का वितळत नाही, हे सगळं त्या वजा चिन्हावर ठरतं. ते कसं, हे आकडे घालून बघू.

आधी मूळ नियम. २९ ऑगस्ट १८३१ ला मायकेल फॅरडेनं लोखंडाच्या कड्यावर दोन वेगवेगळ्या कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडायची सोय, दुसरीची तार एका चुंबकसुईवरून नेलेली. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली, पण उलट्या बाजूला. मधल्या वेळात पहिल्या कॉइलमधून करंट भरपूर वाहत होता, सुई मात्र ढिम्म. म्हणजे चुंबकीय क्षेत्र नुसतं असून काही होत नाही, ते बदलावं लागतं. एखाद्या बंद वाटेच्या आतून जाणारा चुंबकीय फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) बदलत असेल, तर त्या वाटेभोवती ईएमएफ तयार होतो, आणि तो बदलाच्या वेगाइतका असतो. भट्टीच्या कॉइलला म्हणूनच डीसी चालत नाही. मध्यम आकाराच्या भट्ट्यांना साधारण पाचशे ते हजार हर्ट्झचा करंट देतात, म्हणजे सेकंदाला पाचशे ते हजार वेळा फ्लक्स एका बाजूला भरतो आणि दुसऱ्या बाजूला उलटतो.

इथं एक अडचण येते ती आत्ताच निस्तरू, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हमखास येते. द्रव लोखंडात गोल करंट फिरतोय, तर त्यात प्लस कुठं आणि मायनस कुठं? कुठंच नाही. बॅटरीच्या सर्किटमध्ये विद्युतक्षेत्र चार्जपासून निघतं आणि चार्जवर संपतं, म्हणून जास्त आणि कमी पोटेन्शियलची टोकं दाखवता येतात. बदलत्या फ्लक्सनं तयार झालेलं क्षेत्र कुठून निघत नाही आणि कुठं संपत नाही, ते स्वतःभोवतीच वळलेलं असतं. एकसारख्या धातूच्या कड्यात प्रत्येक सेंटीमीटरला थोडा ईएमएफ मिळतो आणि त्याच सेंटीमीटरच्या रोधात तो खर्च होतो. कुठल्याही दोन बिंदूंत पोटेन्शियलचा फरक शून्य, तरी करंट हजारो अँपिअर. किर्चहॉफचा व्होल्टेजचा नियम (बंद वाटेत सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य) पाठ करून आलेल्या डोक्याला हे पटायला वेळ लागतो. पण चार्जच्या क्षेत्रासाठी बनवलेली पोटेन्शियलची कल्पना इथं ओढून आणायची नाही, एवढं मान्य केलं की गाडी पुढं सरकते.

आता आकडे. समजा धातूची त्रिज्या २५ सेंटीमीटर, उंची ६० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे आठशे किलो द्रव बीड. फ्रीक्वेन्सी ५०० हर्ट्झ. कॉइलमुळे धातूच्या पृष्ठभागाशी चुंबकीय क्षेत्राचं शिखरमूल्य ०.१ टेस्ला. हे क्षेत्र संपूर्ण धातूतून आरपार जातं असं पुस्तकी गणितासारखं धरून चाला. क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, फ्लक्स सुमारे ०.०२ वेबर, त्याला दोन पाय (2π) गुणिले ५०० नं गुणलं की ईएमएफ निघतो जवळपास ६२ व्होल्ट. द्रव लोखंडाची रोधकता सुमारे १.४ मायक्रोओहम-मीटर. फक्त बाहेरचा २७ मिलिमीटरचा थर मोजला (हाच थर का, ते पुढं येईल), तरी त्या कड्याचा रोध ०.१४ मिलिओहम. ओहमचा नियम लावा, साडेचार लाख अँपिअर आले. पॉवर, म्हणजे या शिखरमूल्यांच्या गुणाकाराच्या निम्मी, १४ मेगावॅट.

आठशे किलोच्या भट्टीला १४ मेगावॅट! असं बिल कुठल्याही फौंड्रीमालकाला आलं नसतं, कारण तो आधीच दिवाळखोरीत गेला असता.

चूक बेरजेत नाही, गृहीतकात आहे. धातूत करंट वाहू लागला की तो करंट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. १८३४ मध्ये एमिल लेन्झनं सांगितलेली गोष्ट हीच: प्रवर्तित करंटची दिशा अशी असते की तो ज्या बदलामुळे जन्मला त्या बदलालाच विरोध करतो. वजा चिन्ह ते हे. आता धातूतला करंट जर लाखभर अँपिअरच्या घरात जाणार असेल, तर त्याचं उलटं क्षेत्र कॉइलच्या क्षेत्राएवढंच बलवान होईल. मग आत फ्लक्स उरेल किती? आणि फ्लक्सच उरला नाही तर ६२ व्होल्ट येणार कुठून?

निसर्ग यातून तोडगा काढतो. धातूच्या बाहेरच्या थरात करंट एवढाच वाढतो की त्यानं आतल्या भागातलं कॉइलचं क्षेत्र पुसून टाकावं, त्याहून जास्त नाही. पुसायला किती करंट लागतो हे अँपिअरच्या नियमावरून थेट मिळतं: ०.१ टेस्लाला म्यू-नॉटनं (निर्वाताच्या चुंबकीय स्थिरांकानं) भागा, मीटरला सुमारे ८०,००० अँपिअर, गुणिले ०.६ मीटर उंची, म्हणजे ४८,००० अँपिअर. साडेचार लाख कुठं आणि अठ्ठेचाळीस हजार कुठं. त्या रोधातून ४८,००० अँपिअर शिखराचा करंट गेला की पॉवर होते साधारण १५७ किलोवॅट. धातूभोवती प्रत्यक्ष ईएमएफही ६२ नव्हे, जेमतेम ९ व्होल्ट, कारण फ्लक्स फक्त बाहेरच्या थरातच शिरलेला असतो. क्षेत्र दुप्पट केलंत तर पॉवर चौपट, म्हणजे सहाशे किलोवॅटच्या पुढं. आठशे किलोच्या भट्टीला शोभेल असा हा आकडा आहे.

या हिशेबात धातूची रोधकता करंट ठरवतच नाही, हे नीट लक्षात घ्या. करंट ठरवतो लेन्झ. रोधकता फक्त तो करंट किती खोल थरातून वाहील आणि किती उष्णता देईल एवढंच ठरवते. त्या थराला स्किन डेप्थ म्हणतात. मीटरमध्ये ती काढायची रीत: रोधकतेला फ्रीक्वेन्सी आणि सापेक्ष पर्मिएबिलिटी (धातू चुंबकीय क्षेत्राला निर्वातापेक्षा किती पट वाट देतो ते, द्रव बिडाला एक) यांच्या गुणाकारानं भागा, वर्गमूळ घ्या, ५०३ नं गुणा. द्रव बिडाला ५०० हर्ट्झला २७ मिलिमीटर येतात, तेच आपण वर घेतले. ५० हर्ट्झच्या साध्या लाइनवर हेच ८४ मिलिमीटर होतात, आणि म्हणूनच लाइन फ्रीक्वेन्सीच्या भट्ट्या मोठ्या असाव्या लागत, शिवाय प्रत्येक हीटनंतर (ओतणीनंतर) थोडा रस, म्हणजे वितळलेला धातू, तळाशी शिल्लक ठेवावा लागे.

म्हणजे दोन जगं आहेत. वस्तू स्किन डेप्थपेक्षा खूप जाड असेल, तर लेन्झचं राज्य. करंट ठरलेला, उष्णता रोधकतेच्या वर्गमुळाबरोबर वाढते. वस्तू स्किन डेप्थपेक्षा बारीक असेल, तर तिच्यातला करंट इतका दुबळा की त्याचं स्वतःचं क्षेत्र कुणाच्या खिजगणतीत नाही. तिथं पुस्तकातलं भाबडं गणित बरोबर ठरतं: ईएमएफ काढा, रोधानं भागा, झालं. परीक्षेतली बहुतेक सगळी कडी आणि तारा या दुसऱ्या जगातल्या असतात. ते लिहिलेलं नसतं, एवढीच माझी तक्रार.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा मुद्दाम दुसऱ्या जगात ठेवलेला असतो. अखंड लोखंडाचा गाभा केला तर त्यात हेच गोल फिरणारे एडी करंट (फुकोनं ते १८५५ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमधून तांब्याची तबकडी फिरवून दाखवले होते) गाभा तापवतील. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून पातळ सिलिकॉन स्टीलच्या पत्र्या, एकमेकींपासून इन्सुलेट करून रचायच्या. पत्रीची जाडी निम्मी केली की तेवढ्याच लोखंडातली एडी करंटची उष्णता चौथ्या हिश्शावर येते. भट्टीच्या कॉइलबाहेर उभे ठोकळे दिसतात ना, ज्यांना योक म्हणतात, तेही अशाच पत्र्यांचे. एकाच यंत्रात दोन हात अंतरावर एका लोखंडात एडी करंट हवा म्हणून पैसे मोजायचे आणि दुसऱ्यात नको म्हणून.

पंचगंगेकाठी उसाला पाणी देणाऱ्या मोटारीही याच नियमावर चालतात. रोटरला बाहेरून वायर जोडलेली नसते, फिरतं क्षेत्र रोटरच्या सळ्यांत करंट आणतं आणि लेन्झच्या म्हणण्याप्रमाणे रोटर त्या क्षेत्रामागं धावतो. चार ध्रुवांच्या मोटारीचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, मोटार १४४० च्या आसपास. गाठलं तर फ्लक्सचा बदल संपला, करंट संपला, जोर संपला, म्हणून ती कधीच गाठत नाही. मोटारीचं पुराण एवढंच, परत भट्टीकडं येऊ.

मेल्टरच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: "भट्टी पॉवर घेईना." थंड भट्टीत नुसतं टर्निंग आणि बोरिंग भरलं की हे हमखास होतं. एखादा नवखा ट्रेनी विचारतो, "मामा, लोखंडच आहे की, मग का वितळत नाही?" मामा म्हणतात, "आधी खाली जाड माल टाक, रस होऊ दे, मग बारीक घाल." कारण आता तुम्हाला काढता येईल. थंड लोखंड चुंबकीय असतं. त्याची सापेक्ष पर्मिएबिलिटी भट्टीतल्या जोरदार क्षेत्रातही समजा शंभरच्या आसपास धरली, तर ५०० हर्ट्झला स्किन डेप्थ एक मिलिमीटरच्याही आत येते. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडाही तिच्या दृष्टीनं जाडच, तो व्यवस्थित तापतो. पण ७७० अंशांवर, क्युरी तापमानाला, लोखंडाचं चुंबकत्व संपतं. पर्मिएबिलिटी एकवर येते, तोवर रोधकताही कितीतरी पट वाढलेली असते, आणि स्किन डेप्थ उडी मारून चोवीस-पंचवीस मिलिमीटरवर जाते. टर्निंगचा कीस आता दुसऱ्या जगात गेला. क्षेत्र त्याच्यातून आरपार जातं, तो पॉवर घेत नाही. तुकडे एकमेकांना धड टेकलेले नसतात, मधे गंज आणि तेल, त्यामुळं सगळे मिळून एक मोठं कडंही होत नाही. खाली रस असला की कीस त्यात बुडतो, आणि पंचवीस सेंटीमीटर त्रिज्येच्या द्रवाचा भाग होऊन पहिल्या जगात परत येतो.

कॉइलचा तोटाही याच हिशेबातून निघतो, आणि मला तो सगळ्यात देखणा वाटतो. आतलं क्षेत्र पुसायचं म्हणजे धातूतला करंट आणि कॉइलचे अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे) जवळजवळ समान आणि उलटे. १६ वेढे असतील तर कॉइलमध्ये सुमारे ३००० अँपिअर शिखर. दोघंही आपापल्या स्किन डेप्थमधून वाहतात. मग उष्णतेचं प्रमाण म्हणजे रोधकतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ! कोमट तांबं ०.०२ मायक्रोओहम-मीटर, द्रव बीड १.४, गुणोत्तर ७०, वर्गमूळ आठ आणि थोडं. बिडात आठ युनिट गेली की कॉइलमध्ये एक. प्रत्यक्षात कॉइल आणि धातूमधलं लायनिंगचं अंतर, वेढ्यांमधल्या फटी यामुळं तोटा याहून वाढतो, पण खालची मर्यादा निसर्गानं इथं आखली आहे. त्याच भट्टीत तांबं वितळवायला घेतलं तर द्रव तांब्याची रोधकता ०.२१ च्या आसपास, वर्गमूळ तीनाच्या जरा वर. म्हणजे तांब्यात तीन युनिट गेली की एक पाण्यात. तांबं १०८५ अंशांवर वितळतं, बिडाला ओतायला त्याहून कितीतरी जास्त तापवावं लागतं, तरी कॉइलमधल्या तोट्याच्या दृष्टीनं तांबंच जास्त खर्चिक गिऱ्हाईक. एक टन बीड चौदाशे-साडेचौदाशेपर्यंत न्यायला सिद्धांतानं साडेतीनशे ते चारशे युनिट पुरावीत. फौंड्रीत साडेपाचशे-सहाशेच्या घरात लागतात. मधल्या फरकातला मोठा वाटा त्या कोमट पाण्यातून जातो.

द्रव बिडाचा पृष्ठभाग मधे फुगलेला दिसतो, त्याचं कारणही करंटची उलटी दिशा. उलट्या दिशेचे करंट एकमेकांना ढकलतात, कॉइल घट्ट बांधलेली, मग धातूच आत दाबला जातो आणि मधून वर येतो. ०.१ टेस्लाला हा दाब सरासरी सुमारे २००० पास्कल, म्हणजे द्रव बिडाच्या तीन सेंटीमीटर उंचीएवढा. क्षेत्र दुप्पट, तर बारा सेंटीमीटर. या घुसळण्यानं वरून घातलेला कार्बन, सिलिकॉन चांगलं मिसळतं, पण जास्त झालं तर लायनिंग झिजतं. तेवढीच पॉवर वरच्या फ्रीक्वेन्सीवर दिली की कमी क्षेत्र पुरतं आणि फुगवटा बसतो. भट्टीची शिट्टीही याच दाबाची: तो करंटच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ५०० हर्ट्झच्या करंटला १००० हर्ट्झचा आवाज. चौकातला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालून १०० हर्ट्झवर गुणगुणतो, तोही दुप्पट फ्रीक्वेन्सीचाच हिशेब.

पॅनेलशेजारच्या कपॅसिटरच्या रांगेबद्दल थोडक्यात. कॉइलचा पॉवर फॅक्टर ०.१ ते ०.२ च्या आसपास, म्हणजे बहुतेक करंट उष्णता न देता नुसता ये-जा करतो. ती ये-जा महावितरणच्या लाइनवरून करण्यापेक्षा कपॅसिटर आणि कॉइल यांच्यातच रेझोनन्सनं करून घ्यायची. लाइनला फक्त खरोखर खर्च झालेली पॉवर पुरवावी लागते. माल तापताना कॉइलचा इंडक्टन्स बदलतो, म्हणून पॅनेल फ्रीक्वेन्सी आपोआप वरखाली करत राहतं.

एवढं हाताशी घेऊन गुजरीत जा. सराफांकडं टेबलावर मावणारी इंडक्शन मशीन असते, मुठीएवढ्या मुशीत चांदी वितळवते. पाचशे हर्ट्झ तिथं कुचकामी, म्हणून अशी यंत्रं दहा-वीस-पन्नास किलोहर्ट्झवर चालतात. ५० किलोहर्ट्झ धरा. द्रव चांदीची रोधकता ०.१७ मायक्रोओहम-मीटर, स्किन डेप्थ एक मिलिमीटरच्या आसपास. चांदी पहिल्या जगात आहे खरी, पण रोधकता इतकी कमी की उष्णता फारच थोडी घेते. मूस मात्र ग्राफाइटची. ग्राफाइटची रोधकता सुमारे १० मायक्रोओहम-मीटर, स्किन डेप्थ सात मिलिमीटर, म्हणजे जवळपास मुशीच्या भिंतीइतकीच. करंट फिरतो तो भिंतीत, लाल होते ती मूस, आणि आतली चांदी भांड्यातल्या पाण्यासारखी साध्या उष्णतावहनानं वितळते. तीच चांदी मातीच्या मुशीत घालून त्याच कॉइलमध्ये ठेवली तर किती पट जास्त वेळ लागेल? वर्गमुळांचा हिशेब वर आहे, कागद घ्या आणि मांडा.